वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड

वाशीमकडच्या जुन्या माणसाशी पीकपाण्याची गोष्ट काढा. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण तोंडी येतेच. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, सोन्याची कुऱ्हाड कशासाठी? लाकूडही धड फुटायचं नाही तिने.

पहिलं कारण सरळ आहे, यमक. दुसरं वऱ्हाडी तोऱ्याचं. सोन्याच्या पाटल्या म्हटल्या असत्या तर त्यात नवल ते काय? कुऱ्हाड म्हणजे बाभळीच्या दांड्याची, कोपऱ्यात टेकवून ठेवलेली, जळतण फोडायची वस्तू. तीच जिथे सोन्याची, तिथे घरातल्या ऐवजाचं काय विचारता!

वऱ्हाड हे नाव लग्नाच्या वऱ्हाडावरून आलं असं गमतीने सांगतात. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त मात्र मूळ नाव ‘वरदातट’, म्हणजे वर्धा नदीचा काठ, असं नोंदवलं आहे. त्यातल्या वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत, म्हणजे जिल्ह्यांत, ‘बासिम’ही आहे, तेच आजचं वाशीम.

म्हणीतलं सोनं पोकळ नव्हतं. कारंजा लाड ही या मुलखातली मोठी पेठ. 1670 च्या अखेरीस मराठी फौजेने ती लुटली. सोनं, चांदी आणि उंची कापड चार हजार बैल-गाढवांवर लादून नेलं, ऐवज कोटभर रुपयांचा होता, असं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. याच कारंज्यात एका सावकाराने व्यापाऱ्याची सगळी कस्तुरी विकत घेऊन वाड्याच्या गाऱ्यात कालवली, ही दंतकथा अजून सांगतात.

पुढे सोन्याचा रंग पांढरा झाला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. भाव कडाडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली. तिला लोक ‘शकुंतला’ म्हणतात. नाव प्रेमाचं, पण काम कापसाच्या गाठी बाहेर नेण्याचं.

बैलांवरून गेलं, रुळांवरून गेलं. वऱ्हाडात पिकलेलं सोनं वऱ्हाडात टिकलं नाही. म्हण एवढी टिकली.

आज वाशीमच्या शिवारात कपाशीपेक्षा सोयाबीन जास्त दिसतं. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यांत वाशीम होतं. आणि 2018 मध्ये केंद्राने देशातले मागे पडलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून चार नावं आली: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि सोन्याच्या कुऱ्हाडीचं वाशीम.