उन्माद : चरकसंहितेतील विचार

चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पैकी चार वात, पित्त, कफ व सन्निपात यांमुळे होतात. पाचवा आगंतू, म्हणजे देव, ऋषी, पितर, गंधर्व, राक्षस, पिशाच आदींच्या बाधेने होणारा. मात्र निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगळीच भूमिका दिसते. स्वकर्माने क्लेश न पावलेल्या माणसाला देव वा राक्षस पीडा देत नाहीत. रोगाचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धी, धृती व स्मृती ढळून घडलेल्या कर्मात असते. देवांवरचा ठपका असा दूर झाला खरा; पण तो रुग्णाच्याच माथी आला, पूर्वजन्मीच्या कर्मासह. चिकित्सेत रुग्णाला बांधणे, धाक दाखवणे हेही उपाय येतात. देव, ऋषी, पितर वा गंधर्व यांची बाधा झालेल्यास मात्र तीक्ष्ण अंजन व क्रूर उपचार वर्ज्य असून, घृतपानासारखी सौम्य चिकित्सा सांगितली आहे.