पोटात गॅस, घशात नळी: दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये श्वास कोण घेतं?

ताम्हिणीतल्या पेशंटचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुण्यात सकाळी ठरलं, तर घर पहाटेच सोडावं लागतं. मुळशी धरणाची कड, पौड, मग शहरातली गर्दी. निघताना घोटभर चहा घ्यावा असं कुणालाही वाटेल. पण दुधाचा तो चहा ऑपरेशन पुढे ढकलायला पुरेसा ठरू शकतो. याचं कारण श्वासात दडलंय.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९०मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. आज ती सर्रास होते. छेद लहान असतात, त्यामुळे भूलही 'थोडीशीच' असेल असा अनेकांचा समज असतो. तसं नसतं.

दुर्बिणीला आत जागा हवी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. पोटातला दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा ठेवला जातो. फुगलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं आणि फुप्फुसांची जागा कमी होते. गर्भाशयाच्या ऑपरेशनला डोकं खाली झुकवतात, तेव्हा हा दाब आणखी जाणवतो. शिवाय स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असतं, त्यामुळे पेशंट स्वतः श्वास घेत नाही. ते काम व्हेंटिलेटर करतो.

यंत्रातली हवा फुप्फुसांत पोहोचवण्याचे मुख्य मार्ग दोन. एंडोट्रॅकियल ट्यूब थेट श्वासनलिकेत जाते. तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा फुगवला की नळीच्या बाजूने हवा निसटत नाही आणि पोटातलं काही फुप्फुसात उतरण्याचा धोका बराच कमी होतो. दुसरा मार्ग लॅरिंजियल मास्क. ब्रिटिश भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१मध्ये त्याची कल्पना मांडली. तो श्वासनलिकेत शिरत नाही, स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. त्यामुळे घसा कमी दुखतो. नव्या मास्कमध्ये जठरातला द्रव काढायला वेगळी वाटही असते आणि निवडक पेशंटमध्ये दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही तो वापरतात. पण पेशंट खूप लठ्ठ असेल, सतत आंबट ढेकर येत असतील किंवा पोट रिकामं नसेल, तर ट्यूबच भरवशाची. 'मला मास्कच लावा' असा हट्ट म्हणूनच धरू नये.

यंत्राचं गणितही सोपं नाही. दर श्वासाला उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ६ ते ८ मिलिलीटर हवा दिली जाते, आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसं मिटू नयेत म्हणून थोडा दाब राखला जातो. पोटातला गॅस रक्तात मिसळतो, म्हणून श्वासांची संख्या वाढवावी लागते. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कॅप्नोग्राफच्या पडद्यावर दिसतो. ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली, तर तेही तिथेच कळतं.

आता तो चहा. भूल चढताना घशाची राखण सुटते. जठरात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि तेही नळी बसण्याआधीच. म्हणून हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी बंद, तेलकट-तुपकट ८ तास आधी. साधं पाणी बहुतेक पेशंटना २ तास आधीपर्यंत चालतं, पण आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळ पाळा. चहा झालाच असेल तर लपवू नका.

हलणारा दात, कवळी, घोरणं, दमा, विडी, मिश्री, आधीच्या भुलेचा त्रास हेही भूलतज्ज्ञांना सांगा. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका, बहुतेकदा ती गॅसमुळे डिवचल्या गेलेल्या श्वासपटलाची कळ असते. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.