चपलेतला हिरडा

जून २०२५. मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत थेट कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव मात्र कुठंच नव्हतं. आपल्याकडं मीम्स आणि रील्सचा पाऊस पडला. मग कंपनीनं भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं.

मी कोल्हापूरचा, पोटासाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यात एक सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणाकोणाच्या कोडवर उभं आहे, त्याची यादी ठेवतात. तशी यादी या चपलेची करायला बसलो, तर वरच्या ओळींत एक रानटी झाड आलं: हिरडा.

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरांत हिरडा आपसूक वाढतो. घरात तो खोकल्यासाठी असतो, बेहडा आणि आवळ्यासोबत त्रिफळा चूर्णात असतो. तिकडं तिबेटी वैद्यकात याच फळाला अरुरा म्हणतात आणि औषधांचा राजा मानतात. तिबेटी चित्रांत भैषज्यगुरू बुद्धाच्या उजव्या हातात हिरडाच असतो.

आपल्याकडं या फळानं आणखी एक काम केलं. कच्चं कातडं सडतं. चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस काढतात, धुतात, मग शिवून त्याची पिशवी करतात. तीत बाभळीची साल, हिरड्याची भरड आणि पाणी भरून ती टांगतात. पाणी झिरपत राहतं, खाली पडलेलं पुन्हा वर ओततात. साल आणि फळातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, मग ते सडत नाही. या कामाला आठवडे लागतात. मराठीत याला कातडं ‘कमावणं’ म्हणतात.

हे कमावणारे म्हणजे ढोर समाज. बाराव्या शतकातले बसवण्णांचे सहकारी शरण कक्कय्या याच कामातले, म्हणून समाज स्वतःला कक्कय्यांचा म्हणवतो. चप्पल शिवणारे चर्मकार. चपलेशिवाय कोणाचं चालत नव्हतं, तरी ती बनवणाऱ्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं.

ब्रिटिश काळात हिरडा जहाजानं इंग्लंडच्या टॅनरींत जाऊ लागला. तिथल्या बाजारात मालाच्या प्रतींना जबलपूर, वेंगुर्ला अशी नावं होती. वेंगुर्ला म्हणजे आपल्याच घाटाखालचं बंदर. फळाला बंदराचं नाव मिळालं, रानात वेचणाऱ्याचं नाही. प्राडाच्या आधी शंभर वर्षं हेच घडलेलं आहे.

१८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झनं क्रोम टॅनिंगचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम एखाद्या दिवसावर आलं. आज बाजारात ‘कोल्हापुरी’ म्हणून क्रोमचं चामडं, अगदी रेक्झिनसुद्धा विकलं जातं. स्वस्त पडतं, त्यामुळं झाडपाल्यानं कमावणाऱ्याचा माल मागं राहतो. त्याच्या पोरानं हे काम का शिकावं?

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. चांगलंच झालं. पण जीआय नावाला राखतो. पिशवीत साल किती, हिरडा किती, पाणी कधी बदलायचं हे हातांत असतं, आणि हात थांबले की ते संपतं.

तेव्हा चप्पल लाईनमध्ये गेलात, तर भाव करण्याआधी एक विचारा: “मामा, कातडं कशानं कमावलंय?” उत्तर ‘साल-हिरडा’ आलं, तर घासाघीस जरा कमी करा.