खेळ सिद्धांत आणि कीटकांतील जनुक अभिव्यक्ती

एकाच अन्नासाठी झगडणाऱ्या कीटकांत एखादे जनुक किती प्रमाणात व्यक्त होते, यालाच डावपेच मानून त्याचा नफा-तोटा मांडण्याची गणिती पद्धत. इथला खेळाडू विचार करत नाही. लाभ मोजायचा तो जगण्यात आणि संततीत. जॉन मेनार्ड स्मिथ व जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये प्राण्यांच्या झुंजींचा उलगडा करताना मांडलेली उत्क्रांतिदृष्ट्या स्थिर डावपेचाची कल्पना हा तिचा पाया.

सर्वांत नीट तपासलेले उदाहरण फळमाशीचे. मार्ला सोकोलोव्स्की यांनी १९८० मध्ये तिच्या अळ्यांचे दोन प्रकार नोंदवले : अन्नावर दूरवर फिरणाऱ्या ‘भटक्या’ आणि जागच्या जागी खाणाऱ्या ‘बैठ्या’. अन्न नसेल तर दोघींच्या चालीत फरक दिसत नाही. या भेदामागे ‘फोरेजिंग’ नावाचे एकच जनुक असून ते पीकेजी हे विकर घडवते. भटक्यांत त्याची क्रियाशीलता अधिक असते, हे १९९७ मध्ये दाखवले गेले. बैठ्या माशीत या जनुकाची जादा प्रत घातली की तिच्या अळ्या भटक्यांसारख्या वागतात.

मग एक प्रकार दुसऱ्याला संपवून का टाकत नाही? भटक्यांचे प्रमाण वाढेल तसा त्यांचा लाभ बैठ्यांच्या तुलनेत घसरत असेल, तर दोन्ही लाभरेषा जिथे छेदतात तिथे मिश्रण स्थिरावते. २००७ च्या प्रयोगात वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळलेल्या अळ्या निकृष्ट अन्नावर वाढवल्या, तेव्हा जो प्रकार दुर्मीळ तोच सरस ठरला. सकस अन्नावर हा फायदा दिसला नाही. याची गल्लत गर्दीच्या परिणामाशी होते. दाटीत अनेक पिढ्या वाढवलेल्या माश्या भटकेपणाकडे आणि विरळ वस्तीतल्या बैठेपणाकडे झुकतात, हा निष्कर्ष खरा; पण तो एकूण संख्येविषयी आहे, प्रकारांच्या प्रमाणाविषयी नव्हे.

दोन प्रकारांचा तक्ता सुटसुटीत असला तरी अभिव्यक्ती म्हणजे चालू-बंद बटण नव्हे, ती कमीजास्त होते. त्यामुळे तिचे स्तर हाच सलग डावपेच मानणारी प्रतिमाने अधिक रास्त वाटतात. मधमाशीत अडचण आणखी वाढते. पोळ्यात पिलांची देखभाल करणारी कामकरी माशी पुढे मकरंद आणायला बाहेर पडते, तेव्हा याच जनुकाची अभिव्यक्ती तिच्या मेंदूत वाढलेली असते. डावपेच इथे वयानुसार बदलतो आणि लाभ बव्हंशी वंध्य असलेल्या त्या माशीच्या नव्हे, तर पोळ्याच्या खात्यावर मांडावा लागतो.