एडिनबर्गची आजी

४ ऑगस्ट १८८७ रोजी एडिनबर्गमध्ये ‘ग्रॅनी’ वारली आणि ‘द स्कॉट्समन’ या तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रानं तिच्यावर मृत्युलेख छापला. ही आजी म्हणजे काचेच्या भांड्यात राहणारं एक समुद्रफूल होतं. ॲक्टिनिया इक्विना हे तिच्या जातीचं आजचं शास्त्रीय नाव. मिटलं की रातांब्याएवढा, रातांब्याच्याच रंगाचा तुकतुकीत गोळा; उमललं की तोंडाभोवती बारीक लाल बोटांची झालर. ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला हा जीव सहज दिसतो. इतक्या साध्या प्राण्याला मृत्युलेख मिळाला, कारण पाच माणसांनी जवळजवळ साठ वर्षं त्याची सेवा केली. प्राणिशास्त्राच्या गाजलेल्या शोधांइतकीच मला ती सेवा मोलाची वाटते.

निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियल यांनी १८२८ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ बर्विकच्या खडकांवरून तिला आणलं. तेव्हाच ती सातेक वर्षांची असावी, असा त्यांचा अंदाज होता. समुद्राचं ताजं पाणी घरी पोचवायला त्यांनी हमाल लावला होता. भांड्यातलं पाणी नेमानं बदललं जाई आणि अधूनमधून तिला शिनाण्याच्या मांसाचा तुकडा भरवला जाई. तिला होणारी पिल्लंही डॅलियल मोजून ठेवत. १८५१ मध्ये ते वारले, तोवर हा आकडा ३३४ वर गेला होता. त्यांच्यामागे ती प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेली, मग डॉ. जेम्स मॅकबेन यांच्याकडे, मग शाही वनस्पती उद्यानाचे जॉन सॅडलर आणि शेवटी रॉबर्ट लिंडसे यांच्याकडे. तिला पाहायला येणाऱ्यांसाठी एक वही होती आणि तीत हजारावर सह्या होत्या.

१८५७ च्या वसंतात, बरीच वर्षं काहीच न होता, एका रात्रीत तिला २३० पिल्लं झाली. ती बाहेर आली तोंडातून. समुद्रफुलाच्या शरीराला एकच दार असतं. अन्न तिथूनच आत जातं, न पचलेलं तिथूनच बाहेर टाकलं जातं आणि या जातीत पोटाच्या पोकळीत वाढलेली पिल्लंही तिथूनच बाहेर सोडली जातात. तयार झालेली, इवल्या झालरीसकट. पुढच्या काळातल्या जनुकीय तपासण्यांत दिसलं, की अशी पोटात वाढलेली पिल्लं बहुतेकदा आईची हुबेहूब प्रत असतात. म्हणजे नराविना झालेली संतती. डॅलियलना हे कळायला मार्ग नव्हता. पण पिल्लांचा हिशेब त्यांनी ठेवला, आणि पुढच्या संशोधकांना असाच हिशेब लागतो.

याच जातीच्या अंगावर, झालरीच्या मुळाशी, निळ्या मण्यांची एक ओळ असते. दिसायला दागिना, पण ते हत्यार आहे. शेजारी दुसरं समुद्रफूल फार जवळ आलं, की हे मणी फुगतात आणि त्याच्या अंगावर टेकवले जातात. मण्यांत दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. स्पर्श झाला की धागा उलटा होऊन बाहेर सुटतो आणि विष टोचतो. एक कुपी एकदाच चालते. हरलेलं समुद्रफूल आकसतं, बुडाच्या तळव्यावर सरकत दूर जातं, नाहीतर खडक सोडून वाहून जातं. ओहोटीच्या खळग्यात सगळं निवांत दिसतं, पण तिथे इंचाइंचासाठी भांडणं चाललेली असतात.

ग्रॅनी एडिनबर्गमध्ये शांतपणे जगत होती, त्याच काळात इंग्लंडच्या किनाऱ्यांवर समुद्रफुलांचं वेड पसरलं. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीहून समुद्रातले प्रवाळजीव लंडनला आणून जगवले. त्यासाठी त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. त्या मोलकरणीचं नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही, याची मला खंत वाटते. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानं दाखवलं, की भांड्यात वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ बसला तर पाणी वारंवार बदलावं लागत नाही. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता आणि आगगाडी समुद्रापर्यंत पोचली होती, त्यामुळे काचेचं भांडं आणि किनारा दोन्ही लोकांच्या आवाक्यात आले. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं.

आणि मग आली फिलिप हेन्री गॉस यांची पुस्तकं. १८५४ चं ‘द ॲक्वेरियम’ हातोहात खपलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, हातोडी-छिन्नीनं खडकाचा टवका काढून समुद्रफूल सोडवणारा हा माणूस अतिशय श्रद्धाळू होता. त्याला प्रत्येक जीवात देवाची कारागिरी दिसे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यानं चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रपाणी बनवण्याची कृती दिली. लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइडच्या दुकानात समुद्रफुलं विकत मिळू लागली. १८६० मध्ये पूर्ण झालेला गॉस यांचा समुद्रफुलांवरचा ग्रंथ त्यातल्या रंगीत चित्रांसाठी आजही उघडून पाहावा असा आहे. पण त्यांच्या वाचकांनी हातोड्या उचलल्या, टोपल्या घेतल्या आणि डेव्हनच्या किनाऱ्यावरचे खळगे ओरबाडून काढले. त्यांचा मुलगा एडमंड नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर तेच खळगे धुंडाळत असे, आणि १८५९ मध्ये तोवर नोंद नसलेलं एक समुद्रफूल त्याच्या नजरेनं टिपलं होतं. १९०७ च्या आपल्या आठवणींत त्यानं लिहिलं, की बालपणी पाहिलेली ती समृद्धी उरली नाही, आणि नकळत का होईना, तिच्या नाशाला वडिलांची पुस्तकं कारण झाली. मुलानं बापाबद्दल हे लिहिणं सोपं नव्हतं. ते खरंच होतं, म्हणून त्यानं लिहिलं.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. आमच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बरणीत एक मेट्रिडियम, म्हणजे समुद्रफुलाचाच एक प्रकार, होतं. करड्या रंगाचा, झालर आत गेलेला गोळा. मुलं जर्नलमध्ये त्याची आकृती काढत आणि खाली नावं लिहीत. समुद्रफूल त्यांना तिथे कधीच दिसलं नाही. हीच अडचण १८६३ मध्ये ड्रेस्डेनच्या संग्रहालयाला होती. मेलेल्या समुद्रफुलाचा रंग आणि आकार टिकत नाही. म्हणून तिथले संचालक लुडविग रायखेनबाख यांनी काचकाम करणाऱ्या लिओपोल्ड ब्लाश्का यांच्याकडून काचेची समुद्रफुलं करवून घेतली. ब्लाश्कांनी ती गॉसच्या चित्रांवरून घडवली. पुढे ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा या बापलेकांच्या हातची अशी काचेची समुद्री प्राण्यांची नमुनारूपं जगभरच्या संग्रहालयांत गेली.

ग्रॅनीच्या गावाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९०४ मध्ये ॲशवर्थ आणि ॲनान्डेल या दोघा प्राणिशास्त्रज्ञांनी एडिनबर्गमध्ये कित्येक दशकं पाळलेल्या दुसऱ्या जातीच्या समुद्रफुलांवर, त्यांच्या आयुर्मर्यादेवर निबंध लिहिला. त्याच वर्षी नेल्सन ॲनान्डेल कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये रुजू झाले, पोर्ट कॅनिंगच्या मचूळ तळ्यांतली समुद्रफुलं त्यांनी अभ्यासली आणि १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक झाले.

नंतर नंतर मी मुलांना उधाणाच्या ओहोटीला रत्नागिरीच्या कातळांवर नेऊ लागले. बाया कोयतीनं कालवं फोडत असतात, त्यांच्या बाजूलाच खळग्यांत ही समुद्रफुलं असतात. पाणी ओसरलं की ती मिटतात. काहींच्या अंगाला शिंपल्यांचे कण आणि वाळू चिकटलेली असते. त्या आवरणामुळे ऊन आणि कोरड सोसवते, आणि नवख्याला तिथे जीव आहे हे कळतही नाही. उमललेल्या झालरीला बोटाचं टोक अलगद लावलं, की ती चिकटल्यासारखी वाटते. ते दंशपेशींचे धागे. आपली कातडी जाड म्हणून टोचल्याचं कळत नाही. तो क्षण अनुभवलेला विद्यार्थी दंशपेशीची आकृती पुन्हा चुकवत नाही, हे मी पाहिलं आहे.

आता किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढते आहे, याचा मला आनंदच आहे. माझं एवढंच सांगणं: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला जा, उकिडवे बसा आणि पाणी नितळ होईपर्यंत हलू नका. समुद्रफूल खडकावरून सोडवू नका, बाटलीत भरून घरी आणू नका. ग्रॅनीच्या सेवेकऱ्यांसारखं साठ वर्षं पाणी बदलायला आपल्यापैकी कोणी बसणार नाही. दगड उलटलात तर होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवा. नाहीतर त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात वाळून मरतात.