सांडव्यातली जाळी

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. आबांनी बैलं अन् केणी लावून त्याच्यावर मातीचा बांध घातला होता. मी पंचवीस वर्षांचा असताना त्या पाण्यात रोहू-कटल्याचं बी सोडलं आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला आडवी जाळी ठोकली. भाद्रपदात एका रात्री पाऊस असा कोसळला की जाळीला पालापाचोळा, काट्याकुट्या, कडब्याच्या पेंढ्या येऊन अडकल्या. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर उरलं. आबा कंदील घेऊन आले आणि काही न बोलता कोयत्यानं जाळी तोडली. वर्षाची मासळी गेली. मी चिडलो तसे म्हणाले, "आरं, मासं पुढल्या साली येत्याल. खाली वस्तीवर माणसं निजल्यात."

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. ती आठवली सातासमुद्रापलीकडं. पुतण्या अमेरिकेत पिट्सबर्गला नोकरीला आहे. त्याच्याकडं राहायला गेलो तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी तो म्हणाला, "तात्या, तुम्ही शेतकरी माणूस. चला, तुम्हाला एक फुटलेलं धरण दाखवतो."

मोटारीनं दीड-दोन तासांवर साउथ फोर्क नावाचं गाव लागलं. तिथं डोंगराच्या दोन्ही बाजूंना धरणाचे दोन खांदे अजून उभे आहेत. मधला भाग नाही. तळ्याच्या जागी गवत माजलंय. मी त्या खांद्यावर उभा राहिलो आणि खाली बघितलं. माती बघितल्यावर शेतकऱ्याला काही सांगावं लागत नाही. तरी बाकीची हकीकत तिथल्या माहितीघरात पुतण्यानं वाचून दाखवली.

हे धरण पेनसिल्व्हेनिया राज्य सरकारनं कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं. काम रखडत रखडत १८५३ साली पुरं झालं. मातीची भिंत, उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट. तळातून पाणी सोडायला लोखंडाचे पाच नळ होते. पण तेवढ्यात आगगाडी आली आणि कालव्याची गरजच संपली. धरण रेल्वे कंपनीच्या मालकीचं झालं. १८६२ साली ते थोडं फुटलंही, पण पाणी कमी होतं म्हणून निभावलं. मग पुढच्या मालकानं तळातले नळ काढून भंगारात विकले. म्हणजे तळं उपसायचं म्हटलं तरी वाट राहिली नाही.

१८७९ साली पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या क्लबसाठी ते विकत घेतलं गेलं. कार्नेगी, फ्रिक, मेलन अशी पोलाद आणि पेढीवाली बडी मंडळी सभासद. त्यांना उन्हाळ्यात शहराच्या धुरापासून लांब, होडीत बसायला आणि मासे धरायला तळं हवं होतं. जुनं भगदाड माती, झाडोरा, गवत, शेण असं हाताला लागेल ते टाकून बुजवलं. नळ पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट खाली घेतला. आणि तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला लोखंडी जाळ्या लावल्या.

पुतण्या वाचत होता आणि माझ्या अंगावर काटा आला.

दगडी भिंतीवरून पाणी वाहिलं तर एक वेळ ती टिकते. मातीची टिकत नाही. पाणी माथ्यावरून गेलं की मागचा उतार कुरतडत येतं, आणि एकदा ओहोळ पडला की मग माणसाच्या हातात काही उरत नाही. म्हणून मातीच्या बांधाचा जीव सांडव्यात असतो. भिंत कितीही रुंद असली तरी सांडवा तुंबला की ती गेलीच म्हणून समजा.

या धरणापासून १४ मैल खाली जॉन्सटाऊन हे लोखंडाच्या कारखान्याचं गाव. आसपासची वस्ती धरून ३० हजार माणसं. १८८० साली तिथल्या लोखंड कंपनीनं आपला इंजिनियर पाठवून धरण तपासलं. त्यानं दुरुस्ती कच्ची आहे आणि पाणी सोडायला नळ नाहीत असं स्पष्ट कळवलं. कंपनी खर्चाला हातभार लावायलाही तयार होती. क्लबनं ते झिडकारलं. तुम्हाला धोका नाही, असं उत्तर आलं.

३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला. तळं तासातासानं चढायला लागलं. मजूर लावून माथ्यावर माती टाकली, दुसरा सांडवा खणायला घेतला. जाळ्या मोकळ्या करायलाही धावले, पण कचरा इतका दाटला होता की निघेना. खाली इशारे गेले. मात्र "धरण फुटणार" ही हाळी लोकांनी दरवर्षी ऐकलेली, कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला धरण फुटलं आणि चारनंतर लगेच पाण्याचा डोंगर जॉन्सटाऊनला पोचला. २,२०९ माणसं मेली. ७७७ जणांची ओळखही पटली नाही. त्यांना एकाच जागी पुरलंय. पुढं लोक कोर्टात गेले, पण क्लबकडून कोणालाच भरपाई मिळाली नाही. देवाची करणी, असं ठरलं.

परत येताना पुतण्या म्हणाला, "तात्या, पैशाची मस्ती, दुसरं काय!" मी हो म्हणालो नाही. मस्ती होतीच. पण माझ्याकडं कुठं पैसा होता? मीही चार टोपली मासळीसाठी तीच जाळी ठोकली होती. आपलं तळं आपल्याला दिसतं, खालची वस्ती दिसत नाही. फरक एवढाच, की माझ्या बांधावर त्या रात्री कोयता घेऊन आबा आले.

आबा आता नाहीत. मृगाच्या आधी सांडव्यातला झाडोरा मी स्वतः काढतो. वस्तीवरची पोरं विचारतात, "तात्या, मासं सोडा की औंदा." मी म्हणतो, सोडू. पण जाळी लावायची नाही.