रेषांचे पडदे आणि त्यांचे वैद्य

१९७२ सालच्या उत्तरार्धांत कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवच्या अँडी कॅप्स नांवाच्या मद्यगृहांत एक लांकडी पेटी ठेवण्यांत आली. तींत बाजारांतून विकत आणलेला एक साधा टेलिव्हिजन बसविलेला असून त्याच्या काचेवर एक पांढरा ठिपका दोन पट्ट्यांमध्यें चेंडूसारखा फिरत असे. नाणें टाकावें आणि खेळावें. 'पाँग' हें त्या खेळाचें नांव. थोड्याच दिवसांत पेटी बंद पडल्याचा निरोप ती तयार करणारा अभियंता ॲलन अल्कॉर्न यास गेला. त्यानें येऊन पेटी उघडली, तों बिघाड असा कांहींच नव्हता. नाणीं सांठविण्याचें भांडें कांठोकांठ भरून वाहूं लागलें होतें, इतकेंच. इतकी सोपी आणि इतकी सुखाची दुरुस्ती या धंद्याच्या नशिबीं पुन्हां फारशी आली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें या पेट्यांचीं जीं दुखणीं उद्भवलीं, त्यांपैकीं पुष्कळशीं पडद्याचीं होतीं. आणि त्यांचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

हा पडदा म्हणजे कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं सिद्ध केलेल्या नळीचाच वंशज होय. निर्वात काचेच्या नळीच्या मानेंतून इलेक्ट्रॉनांची शलाका निघते, मानेभोंवतीं बसविलेलीं तारेचीं वेटोळीं तिला हवी तशी वळवितात, आणि ती फॉस्फराच्या लेपावर जेथें पडेल तेथें प्रकाश उमटतो. शलाकेला वेग येण्यासाठीं नळीच्या पोटीं हजारों व्होल्टांचा दाब द्यावा लागतो. एकोणीस इंची रंगीत पडद्यांत तो २० हजारांच्याही आसपास जातो. वीज तोडली तरी नळी तो दाब बराच वेळ पोटांत धरून ठेवते. म्हणून जाणता कारागीर काम आरंभण्यापूर्वीं जमिनीस जोडलेला लांब पेचकस रबरी टोपीखालीं एकाच हातानें सरकवितो आणि दुसरा हात पाठीमागें ठेवितो. हा विधि ज्यानें टाळला, त्यास एकदां तरी चांगलाच धडा मिळाला आहे.

बहुतेक खेळांचे पडदे टेलिव्हिजनच्याच जातीचे होते. पाटीवर ओळीखालीं ओळ काढणाऱ्या मुलाप्रमाणें शलाका वरपासून खालपर्यंत अडीचशेंवर ओळी ओढते, आणि हें काम सेकंदास सुमारें साठ वेळां करिते. ओळींना खालीं उतरविणारा भाग निकामी झाला, कीं साऱ्या ओळी एकावर एक पडतात व मधोमध एक लखलखीत आडवी रेघ तेवढी उरते. कारण बहुधा क्षुल्लक असतें: उष्णतेनें तडकलेला एखादा डाख, किंवा आंतील ओल सुकून गेलेला एखादा कपॅसिटर. परंतु १९८० सालच्या 'पॅक-मॅन'मध्यें पडदा कुशीवर वळवून बसविलेला असल्यानें तीच रेघ उभी दिसते, आणि नवशिका दुरुस्तीकार आडव्या गतीचा भाग उकलीत बसतो. त्याच खेळाचा दुसरा रोग असाध्य होय. चक्रव्यूहाच्या भिंती कधींच हलत नसल्यामुळें वर्षानुवर्षें एकाच जागीं पडणाऱ्या प्रकाशानें फॉस्फर झिजला, आणि वीज नसतांनाही तो चक्रव्यूह काचेवर छायेसारखा दिसूं लागला.

याहून निराळें असें एक कुळ मात्र अल्पायुषी ठरलें, आणि आमचें लक्ष मुख्यतः त्याकडेच आहे. १९७७ सालीं सिनेमॅट्रॉनिक्स कंपनीच्या 'स्पेस वॉर्स' खेळांत लॅरी रोझेन्थाल यांनीं ओळींची ही पद्धतच सोडून दिली. शलाका एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ न्यावयाची, जणुं लेखणीनें रेघ मारावी तशी. १९७९ सालीं अटारी कंपनीचा 'ॲस्टरॉइड्स' याच रीतीनें निघाला. त्यांतील खडकांच्या कडा दंतुर दिसत नाहींत. गोळी हा नुसता ठिपका, परंतु तेथें शलाका ठाकल्यामुळें तो अंधारांत ठिणगीसारखा चमकतो. १९८१ सालच्या 'टेंपेस्ट'मध्यें या रेषांना रंग आले.

सौंदर्याबरोबर दुखणेंही आलें. ओळींच्या पडद्यांत वेटोळ्यांना ठरीव तालावर प्रवाह मिळतो. येथें खेळाचा संगणक जें सांगेल तें निमूटपणें करावें लागतें. संगणकानें बिघडून शलाका एका टोंकासच धरून ठेवली, कीं प्रवाह एकाच दिशेनें वाहत राहतो, ट्रान्झिस्टर तापतात, एक गेला म्हणजे शेजाऱ्यास घेऊन जातो. 'टेंपेस्ट'मध्यें बसविलेला वेल्स-गार्डनर कंपनीचा ६१०० हा पडदा या बाबतींत दुरुस्तीकारांत विशेष प्रसिद्ध आहे. फ्यूज उडाला म्हणून नुसता फ्यूज बदलणें म्हणजे ताप उतरेना म्हणून तापमापक बदलण्यासारखें आहे.

या यंत्रांत एक सोय होती आणि तिनेंच पुष्कळांस चकविलें. शलाका एका जागीं थांबल्यास फॉस्फर जळून भोंक पडल्यासारखा डाग राहील, म्हणून हालचाल बंद होतांच शलाका तोडणारी व एक लहानसा तांबडा दिवा लावणारी योजना आंत केलेली असे. काळा पडदा व तांबडा दिवा पाहून मनुष्य पडद्यास दोष देतो आणि तो सोडवून टेबलावर पसरतो. खरा अपराधी संगणक शेजारीं स्वस्थ असतो. याची परीक्षा फार सुंदर आहे. संगणकाच्या दोन तारा ऑसिलोस्कोपच्या आडव्या व उभ्या बाजूंस जोडाव्या. संगणक निर्दोष असेल तर त्या लहानग्या हिरव्या काचेवर खडक तरंगतांना दिसतात. विजेचे तरंग पाहण्यासाठींच ब्राउननें आपली नळी घडविली होती. तिच्या या वंशजांची परीक्षा तिच्याच थोरल्या शाखेनें करावी, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

१९८३ च्या सुमारास अमेरिकेंतील या धंद्यास ओहोटी लागली, आणि पुढें दोनतीन वर्षांत रेषांचे नवे खेळ निघेनासे झाले. खेळगृहाच्या मालकास बंद पेटी म्हणजे बुडालेलें उत्पन्न. त्यानें नादुरुस्त पडदा काढून पेटींत दुसराच खेळ बसविला, किंवा पेटीच टाकून दिली, तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु पुढें ज्यांनीं त्या पेट्या अडगळींतून उचलल्या, त्यांच्यापुढें निराळा प्रश्न आला. जुनी नळी काढून सपाट पडदा बसवावा, कीं सुकलेले कपॅसिटर एकेक बदलीत बसावें? पहिला मार्ग स्वस्त व निर्धोक आहे, आणि 'पाँग'सारख्या खेळांत तो फारसा खटकतही नाहीं. 'ॲस्टरॉइड्स'च्या बाबतींत मात्र आम्ही जुन्या पक्षाचे आहों. सपाट पडदा रेषेचीं चौकोनी ठिपक्यांत शकलें करितो, आणि गोळी ठिणगी न राहतां इतर ठिपक्यांतला एक ठिपका होते. आज्ञावली जशीच्या तशी जपली तरी जें चित्र लोकांनीं पाहिलें तें हातीं लागत नाहीं. कारण तें आज्ञावलींत नव्हतेंच, तें काचेवर होतें.

अडचण इतकीच, कीं काच आतां नवी मिळत नाहीं. चित्रनळ्यांचे मोठमोठे कारखाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत एकामागून एक बंद झाले. हौशी मंडळींनीं ६१०० च्या दुबळ्या भागांऐवजीं नव्या पाट्या तयार केल्या, जळणारे ट्रान्स्फॉर्मर पुन्हां गुंडाळून घेतले. नळी मात्र कोणाच्या घरांत व्हावयाची वस्तु नव्हे. म्हणून ते टाकून दिलेले एकोणीस इंची टेलिव्हिजन शोधीत फिरतात. त्यांतील धडधाकट नळी काढावयाची, झिजलेल्या नळीच्या मानेवरचीं वेटोळीं अलगद उतरवून तिच्यावर चढवावयाचीं. मान अंगठ्याएवढी जाड व कांकणासारखी ठिसूळ. जरा जोर झाला तर आंत हवा शिरते आणि सारा खटाटोप संपतो. निभावलें तर तांबड्या, हिरव्या व निळ्या शलाका परस्परांपासून फुटलेल्या दिसतात. मग दिवा मालवून, मानेवरील चुंबकी कड्या केसभर फिरवीत व रबरी पाचरी मागेंपुढें सरकवीत कारागीर बसतो, तीन रेघांची मिळून एक पांढरी रेघ होईपर्यंत.